चार की सहा? एका चुकलेल्या तक्त्याची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत मी जुन्या मोटारगाड्यांच्या इंजिनांवर बोललो. श्रोते तीस-पस्तीस. भाषणाच्या शेवटी मी फळ्यावर एक छोटा तक्ता काढला. गाडी एकच, साल जवळपास एकच, इंजिनाचे घनफळही एकच, १९९० सीसी. एकात सहा सिलेंडर, ताकद १२९ अश्वशक्ती. दुसऱ्यात चार सिलेंडर, ताकद १९२ अश्वशक्ती. खडू खाली ठेवून मी म्हणालो, ‘सिलेंडर जास्त म्हणजे ताकद जास्त, हा आपला समज किती पोकळ आहे ते पाहा. चारने सहाला हरवले आहे.’ टाळ्या पडल्या.

मागच्या रांगेतून तंत्रनिकेतनात शिकणारा एक मुलगा उठला. ‘सर, दोन्हींत व्हॉल्व्ह किती होते?’ एवढेच त्याने विचारले. मला उत्तर माहीत होते. सहा सिलेंडरच्या इंजिनात बारा, चारच्या इंजिनात सोळा. ते सांगता सांगताच माझ्या लक्षात आले की माझा तक्ता चार आणि सहा यांची तुलना करतच नव्हता. त्या मुलाला मी तेव्हा काहीतरी गोलमोल उत्तर दिले. हा लेख म्हणजे त्याला द्यायला हवे होते ते उत्तर.

मी अभियंता नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात सुट्या भागांच्या एका दुकानात हिशेब लिहायला लागलो, आणि बावीस वर्षे तिथेच काढली. शेजारी क्रँक ग्राइंडिंगचा कारखाना होता. दुपारच्या सुट्टीत तिथल्या मिस्त्रींच्या बाकावर बसून जे ऐकले, ते माझे पहिले शिक्षण. पुढचे सगळे रद्दीतून आणलेल्या परदेशी नियतकालिकांतून, दुरुस्तीच्या पुस्तकांतून आणि उसन्या जर्मन शब्दकोशातून. मिस्त्रींचे मत ठाम होते. ‘सिलेंडर वाढलं की ताकद वाढती, बघ. ट्रक ओढायला सहा लागत्यात, टेम्पोला चार पुरं.’ त्यांच्या अनुभवात ते खरेच होते. टाटांनी १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला सुरुवात केली तेव्हापासून आपल्याकडच्या मोठ्या ट्रकला सहा सिलेंडरचे डिझेल इंजिन, आणि नंतर आलेल्या ४०७ ला चारचे. पण त्या दोन इंजिनांचे घनफळही वेगळे होते. मोठे इंजिन जास्त ओढते, यात सिलेंडरच्या आकड्याचे श्रेय किती, हे त्यावरून कळत नाही. म्हणूनच घनफळ सारखे असलेली जोडी मी शोधत होतो, आणि ती मला जर्मनीत सापडली.

एकाच अंगात दोन इंजिने

स्पोर्ट्स सेडान म्हणजे दिसायला चारचौघांसारखी घरगुती गाडी, पण इंजिन, ब्रेक आणि चाकांची मांडणी वेगाने चालवण्यासाठी केलेली. १९८० च्या दशकात या प्रकारातली सर्वांत चर्चेतली गाडी म्हणजे म्युनिकच्या बीएमडब्ल्यूची तीन मालिका. १९८२ साली आलेल्या या पिढीला कंपनीच्या अंतर्गत भाषेत ई ३० म्हणतात. तिच्यात चार सिलेंडरची आणि सहा सिलेंडरची अशी दोन्ही इंजिने बसत, त्यामुळे तुलनेला ती सोयीची आहे.

तिच्यातली ३२० आय ही सहा सिलेंडरची. सिलेंडरचा व्यास ८० मिमी, पिस्टनची धाव ६६ मिमी. ३२० आय एस ही चार सिलेंडरची. व्यास ९३.४ मिमी, धाव ७२.६ मिमी. गुणाकार करून पाहिला तर दोन्हींचे घनफळ १९९० सीसी येते. ही दुसरी गाडी मुख्यतः इटली आणि पोर्तुगाल या देशांसाठी बनली, कारण इटलीत दोन लिटरच्या वरच्या गाड्यांवर बराच जास्त कर होता. आपल्याकडे चार मीटरच्या आतल्या गाड्यांना करात सवलत मिळू लागली आणि कंपन्यांनी डिक्की कापून गाड्या त्या मापात बसवल्या, तसाच हा प्रकार. इंजिनांच्या इतिहासात असे बरेचसे निर्णय कराच्या कोष्टकावर झालेले आहेत.

सहाचे सुख कशात आहे

ताकदीच्या प्रश्नाकडे जाण्याआधी सहा सिलेंडरचा खरा गुण कोणता ते पाहू. तो ताकदीत नाही, तो शांतपणात आहे.

चार सिलेंडरच्या सरळ रांगेतल्या इंजिनात पहिला आणि चौथा पिस्टन वर असतात तेव्हा दुसरा आणि तिसरा खाली असतात. दोन वर जातात, दोन खाली येतात, म्हणजे हिशेब बरोबर जुळावा असे वाटते. पण तो जुळत नाही. क्रँकशाफ्ट गोल फिरते आणि पिस्टन सरळ चालतो. मधला कनेक्टिंग रॉड तिरका होतो, आणि त्यामुळे पिस्टनचा प्रवास वरच्या आणि खालच्या अर्ध्यात सारखा होत नाही. समजा, धाव ८४ मिमी आहे आणि रॉडची लांबी १४० मिमी. क्रँक वरच्या टोकापासून पाव फेरा फिरली तर पिस्टन ४२ मिमी खाली यायला हवा. प्रत्यक्षात तो सुमारे ४८.५ मिमी येतो, आणि उरलेल्या पाव फेऱ्यात फक्त ३५.५ मिमी चालतो. म्हणजे वरून निघालेले दोन पिस्टन जास्त अंतर कापतात तेव्हा खालून निघालेले दोन कमी कापतात. त्यांचे धक्के एकमेकांना पुरते खोडत नाहीत. उरलेला धक्का प्रत्येक फेऱ्यात दोनदा बसतो आणि फेरे दुप्पट झाले की चौपट होतो. प्रीमियर पद्मिनीत बसलेल्यांना हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. गाडी उभी असताना आरशातले मागचे जग थरथरत असे, त्यात या धक्क्याचाही वाटा होता.

यावर उपाय आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या ब्रिटिश अभियंत्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तो सांगितला होता. इंजिनाच्या दुप्पट गतीने, उलटसुलट दिशांना फिरणारे दोन असंतुलित दांडे बसवायचे, म्हणजे त्यांचा धक्का मूळ धक्क्याला खोडतो. १९७० च्या दशकात जपानच्या मित्सुबिशीने ही कल्पना पुन्हा उचलली, आणि पोर्शने आपल्या ९४४ या गाडीच्या चार सिलेंडर इंजिनासाठी मित्सुबिशीकडून परवाना घेतला. पण दांडे आले की वजन, घर्षण आणि खर्च आलाच.

सरळ रांगेतल्या सहा सिलेंडरना हे दांडे लागत नाहीत. त्यांच्या क्रँकचे हात एकमेकांपासून १२० अंशांवर असतात. पहिला-सहावा, दुसरा-पाचवा, तिसरा-चौथा अशा तीन जोड्या चालतात. तीन जोड्यांचे धक्के तीन दिशांना वाटले जातात आणि त्यांची बेरीज शून्य होते. क्रँकचा पुढचा अर्धा भाग मागच्या अर्ध्याचे आरशातले प्रतिबिंब असल्याने इंजिन पुढे-मागे डोलतही नाही. शिवाय स्फोट जवळ जवळ येतात. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर चार सिलेंडरच्या इंजिनात सेकंदाला १०० स्फोट, सहाच्या इंजिनात १५०. ढोलाचे ठोके जलद झाले की ते सुटे ऐकू न येता एकसंध नाद होतो, तसे.

काही वर्षांपूर्वी म्युनिकला राहणाऱ्या पुतणीकडे गेलो होतो तेव्हा तिच्या एका सहकाऱ्याच्या जुन्या ३२० आय मध्ये बसायचा योग आला. गाडी सुरू करून त्याने बॉनेट उघडले आणि मला इंजिनावर हात ठेवायला सांगितला. हाताला मुंग्याही आल्या नाहीत. वयाने तीस वर्षांचे इंजिन. मिस्त्री असते तर त्यांनी टोपी काढली असती.

मग तक्त्यातला फरक कोठून आला?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. इंजिनाची ताकद म्हणजे त्याने एका मिनिटात किती हवा आत घेतली आणि तिच्यात किती पेट्रोल जाळले, याचा हिशेब. हवा आत येते व्हॉल्व्हमधून. ३२० आय मध्ये प्रत्येक सिलेंडरला दोन व्हॉल्व्ह होते, एक हवा घेणारा आणि एक धूर सोडणारा. ३२० आय एस मध्ये प्रत्येकी चार.

जेवणाच्या ताटाचे उदाहरण घ्या. गोल ताटात दोन सारख्या, मावतील तेवढ्या मोठ्या वाट्या ठेवल्या तर त्या ताटाचा निम्मा भाग व्यापतात. त्याच ताटात चार सारख्या वाट्या ठेवल्या तर सुमारे ६९ टक्के भाग व्यापतात. ताट तेच, पण वाट काढायला जागा जास्त. त्यातच लहान व्हॉल्व्ह वजनाला हलका असतो आणि तो जास्त वेगाने उघडझाप करू शकतो. म्हणून ३२० आय एस आपली पूर्ण ताकद ६९०० फेऱ्यांवर देते आणि ३२० आय ६००० वरच थांबते. खरे तर सहा सिलेंडरच्या पिस्टनची धाव कमी. ६००० फेऱ्यांवर त्याचा सरासरी वेग सेकंदाला १३.२ मीटर येतो. चारचा पिस्टन ६९०० वर १६.७ मीटरने धावतो. पाय सहाचे मोकळे होते, अडत होता तो श्वास.

म्हणजे माझ्या तक्त्याने सिद्ध केले होते ते इतकेच की चार व्हॉल्व्हचे हेड दोन व्हॉल्व्हच्या हेडपेक्षा जास्त ताकद देते. त्याचे श्रेय मी सिलेंडरच्या आकड्याला देऊन टाकले. स्वतःच्या बळावर शिकणाऱ्या माणसाचा हा नेहमीचा धोका. दोन आकडे शेजारी मांडले आणि त्यांतला एक फरक डोळ्यांत भरला, की बाकीचे फरक दिसेनासे होतात. टोकणारा शिक्षक जवळ नसतो. तो मला मागच्या रांगेत भेटला.

हीच चूक घडवू शकणारी दुसरी जोडी स्टुटगार्टची. मर्सिडीज १९० ई २.३-१६ हे चार सिलेंडर, सोळा व्हॉल्व्हचे इंजिन, २२९९ सीसी, १८५ अश्वशक्ती. त्याच्या हेडचे काम इंग्लंडच्या कॉसवर्थने केले होते. ऑगस्ट १९८३ मध्ये इटलीतल्या नार्दोच्या गोल धावपट्टीवर या गाडीने ५०,००० किलोमीटर ताशी सरासरी सुमारे २४८ च्या वेगाने कापले. त्याच अंगातली सहा सिलेंडरची १९० ई २.६ घनफळाने मोठी असूनही १६६ अश्वशक्तीची होती. इथेही तिच्या सहा सिलेंडरना व्हॉल्व्ह बाराच.

बरोबर जोडी

मग योग्य तुलना कोणती? सिलेंडर तेच, हेड तेच, फक्त संख्या वेगळी, अशी. मला वाटले, असे कोण कशाला बनवेल? पण बनले होते, आणि ते माझ्या तक्त्याच्या अगदी शेजारीच होते.

बीएमडब्ल्यूने १९७८ मध्ये एम १ या गाडीसाठी एम ८८ नावाचे सहा सिलेंडर, २४ व्हॉल्व्हचे इंजिन आणले. व्यास ९३.४, धाव ८४, घनफळ ३४५३ सीसी. त्याचे सुधारलेले रूप १९८५ च्या पहिल्या एम ५ मध्ये बसले आणि २८६ अश्वशक्ती देऊ लागले. एम ५ म्हणजे अंगाने पाच मालिकेची साधी सेडान. पुढे तीन मालिकेसाठी शर्यतीचे इंजिन हवे होते. कंपनीचे प्रमुख एबरहार्ड फॉन क्यूनहाइम यांनी ते काम पाउल रोशे या अभियंत्यावर सोपवले. रोशे सांगत की त्यांनी एम ८८ चे हेड घेतले, त्याच्या दोन सिलेंडरचा तुकडा करवतीने कापून टाकला आणि उघड्या पडलेल्या बाजूला पट्टी लावली. योगायोग असा की कंपनीच्या जुन्या चार सिलेंडर ब्लॉकमधले सिलेंडरांतले अंतर त्याला जुळत होते. दोन आठवड्यांत प्रायोगिक इंजिन उभे राहिले. त्यातून एस १४ झाले. व्यास ९३.४, धाव ८४, घनफळ २३०२ सीसी. ते १९८६ पासून बनलेल्या पहिल्या एम ३ मध्ये बसले. इटलीची ३२० आय एस म्हणजे याच इंजिनाची धाव कमी केलेली आवृत्ती.

आता हिशेब करा. एम ५ च्या प्रत्येक सिलेंडरमागे २८६ भागिले ६, म्हणजे ४७.७ अश्वशक्ती. एम ३ चे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेले इंजिन २०० अश्वशक्तीचे, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमागे ५०. जवळपास सारखेच. उरलेला थोडा फरक फेऱ्यांचा आहे. एम ५ पूर्ण ताकद ६५०० वर देते, एम ३ ६७५० वर. मिस्त्रींचे म्हणणे अर्धे खरे ठरले. सारखाच सिलेंडर असेल तर संख्या वाढली की ताकद वाढते, पण घनफळही त्याच प्रमाणात वाढते. संख्येत स्वतःची अशी जादू नाही.

मग चार का निवडले?

सहाचे तयार इंजिन हाताशी असताना त्याचे दोन सिलेंडर कापायचे कशाला, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर क्रँक ग्राइंडिंगच्या त्या कारखान्यात मी रोज पाहत होतो, फक्त ते उत्तर आहे हे कळत नव्हते.

मिस्त्री ट्रकची सहा सिलेंडरची क्रँक कधी आडवी टाकून ठेवू देत नसत. ती भिंतीशी उभी ठेवायची. लांब असल्यामुळे ती वाकण्याची भीती. चारच्या क्रँकची त्यांना एवढी काळजी नसे. लांब वस्तू वाकते, तशी पिळलीही जाते. ओल्या धोतराचे टोक पिळले की लांब धोतराला सहज पीळ पडतो, हातरुमालाला पडत नाही. प्रत्येक स्फोट क्रँकला थोडा पीळ देतो आणि ती परत उलगडते. या पिळण्या-उलगडण्याला स्वतःची एक लय असते. क्रँक जितकी लांब, तितकी ती लय मंद. इंजिनाचे फेरे त्या लयीशी जुळले की पीळ वाढत जातो आणि पोलाद थकते. त्यासाठी क्रँकच्या पुढच्या टोकाला डॅम्पर बसवतात. रस्त्यावर एवढे पुरते. शर्यतीत तासन्‌तास वरच्या फेऱ्यांत राहायचे तर आखूड, ताठ क्रँक निर्धोक. चार सिलेंडरच्या या इंजिनात क्रँकला पाच ठिकाणी आधार होता, सहाच्या इंजिनात सात ठिकाणी. सहाला आधार अधिक, पण घर्षणही अधिक.

दुसरे कारण वजनाचे. दोन सिलेंडर कमी म्हणजे पुढच्या चाकांवर भार कमी, आणि इंजिन मागे सरकवून बसवता येते. वळणावर गाडीचे नाक चटकन आत येते. तिसरे कारण, जुन्या चार सिलेंडर ब्लॉकवर असलेला विश्वास. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून बनत आलेल्या या ओतीव लोखंडी ब्लॉकवरच रोशे यांनी दीड लिटरचे टर्बो इंजिन बांधले होते, आणि १९८३ मध्ये नेल्सन पिके त्यावर फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला होता.

चौथे कारण नियमांचे. ग्रुप ए नावाच्या शर्यतींत उतरायचे तर बारा महिन्यांत तशा ५,००० गाड्या बनवाव्या लागत, आणि गाडीचे किमान वजन इंजिनाच्या घनफळावर ठरे. घनफळ लहान, तर गाडी हलकी चालते. रोबेर्तो राव्हाल्या या इटालियन चालकाने १९८६ चे युरोपीय टूरिंग कार अजिंक्यपद सहा सिलेंडरच्या ६३५ सीएसआय या बीएमडब्ल्यूवर मिळवले आणि पुढच्याच वर्षी जागतिक अजिंक्यपद चार सिलेंडरच्या एम ३ वर. एकच माणूस, एकच कंपनी, एका वर्षाचे अंतर. आधीचा माझा स्वभाव असता तर याचाही मी तक्ता केला असता.

चारचा विजय कायमचाही नव्हता. १९९२ मध्ये आलेली दुसरी एम ३ सहा सिलेंडरची होती, २९९० सीसी आणि २८६ अश्वशक्ती. २००० साली आलेल्या तिसऱ्या एम ३ चे सहा सिलेंडर इंजिन ३२४६ सीसीचे, ७९०० फेऱ्यांवर ३४३ अश्वशक्ती देणारे. लांब क्रँकची भीती अभियंत्यांनी धातू, डॅम्पर आणि पैसा घालून मागे रेटली. लांबी ही अडचण होती, पण खर्च करून सुटणारी.

उत्तर

तर त्या मुलाला आज मी असे सांगेन. घनफळ आणि हेड सारखे असेल तर चार आणि सहा यांच्या ताकदीत मोठे अंतर पडत नाही. सहा घेतलेस तर शांतपणा मिळतो, आणि त्यासाठी लांबी, वजन, घर्षण आणि पैसे मोजावे लागतात. चार घेतलेस तर आखूडपणा आणि ताठपणा मिळतो, आणि थरथर सोसावी लागते. म्युनिकच्या अभियंत्यांनी रस्त्यासाठी एक निवडले, शर्यतीसाठी दुसरे, आणि नियम बदलल्यावर पुन्हा पहिले. श्रेष्ठ कोण, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारल्याचे मला कुठे दिसले नाही. कशासाठी, एवढेच ते विचारत राहिले.

हा प्रश्न आता जुन्या जर्मन गाड्यांपुरता राहिलेला नाही. आपल्याकडे नव्या लहान गाड्यांत तीन सिलेंडरची इंजिने सर्रास येतात. ओळखीचे लोक फोन करून विचारतात, ‘तीनच आहेत हो, घेऊ का?’ पूर्वी मी लगेच हो किंवा नाही सांगत असे. आता आधी विचारतो, गाडी कुठे चालवणार, किती वर्षे ठेवणार, आणि तुम्ही ती स्वतः चालवून पाहिली का. कंटाळून काही जण फोन ठेवतात.

वाचनालयाने यंदा पुन्हा बोलावले आहे. फळ्यावर तोच तक्ता काढणार आहे. त्यात व्हॉल्व्हचा एक रकाना वाढवला आहे.